सुकी फळं रोजच्या खाण्यात आणताना: निवडीपासून बरणीपर्यंत

दोन वर्षांपूर्वी पोट नीट साफ होत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी औषध दिलंच, शिवाय सांगितलं, "जेवणात चोथा वाढवा. गोड खावंसं वाटलं तर मिठाईऐवजी थोडी सुकी फळं खा." त्यातला 'थोडी' हा शब्द माझ्या कानावरून गेला. त्याच संध्याकाळी पाच-सहा पाकिटं घेऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून येता-जाता बरणीत हात घालायला लागले. महिन्याभरात पोट साफ होण्याऐवजी फुगायला लागलं, वजन दीड किलोने वाढलं, अंजिरांच्या बरणीत अळ्या झाल्या, आणि ज्या क्रॅनबेरी मी फळ म्हणून खात होते त्यांच्या पाकिटावर दुसऱ्याच क्रमांकाला 'साखर' छापलेलं सापडलं.

यात फळांची काही चूक नव्हती. काय घ्यायचं, किती खायचं, कसं ठेवायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून जे शिकत गेले ते इथे क्रमाने लिहिते आहे. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते यांनाही आपण सुक्यामेव्यातच धरतो, पण ती कवचफळं आहेत. त्यांचा मुख्य ऐवज तेल. हा लेख फक्त वाळवलेल्या फळांबद्दल आहे: मनुका, बेदाणे, अंजीर, खजूर, खारीक, जर्दाळू, आलुबुखारा आणि त्यांची भावंडं.

जवळ काय असू द्यावं

- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा (पहिले पंधरा दिवस तरी)
- घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरण्या. एका मोठ्या बरणीपेक्षा चार छोट्या चांगल्या.
- तारीख लिहायला चिकटपट्टी आणि पेन
- लहान धारदार सुरी आणि कात्री
- मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट आणि औषधांची यादी. डॉक्टरांना विचारताना लागतील.

## १. आधी हे समजून घ्या: पाणी गेलं, साखर राहिली

ताज्या द्राक्षांत शंभरातले सुमारे ८१ भाग पाणी असतं. मनुकेत ते १५ भागांवर येतं. साधारण चार किलो द्राक्षं वाळवली की एक किलो मनुका होते. म्हणजे द्राक्षांतली साखर, खनिजं आणि चोथा हे सगळं चौथ्या हिश्शाच्या वजनात दाटून बसतं. १०० ग्रॅम द्राक्षांत जवळपास ७० कॅलरी असतात, १०० ग्रॅम मनुकेत ३००. साखर कुणी वरून घातलेली नसते, पण १०० ग्रॅममध्ये ती ६० ग्रॅमच्या आसपास भरते.

या दाटण्याचा फायदाही तसाच आहे. ताज्या अंजिरात १०० ग्रॅममागे तंतुमय पदार्थ ३ ग्रॅमच्या आसपास, सुक्यात जवळपास १०. ताज्या जर्दाळूत पोटॅशियम २६० मिलिग्रॅमच्या आसपास, सुक्यात साडेअकराशेच्या वर. घासाघासाने पाहिलं तर सुकं फळ पौष्टिक आहे, यात शंका नाही.

एक गोष्ट मात्र दाटत नाही, उलट उडून जाते: क जीवनसत्त्व. उष्णता, हवा आणि वेळ या तिन्हींपुढे ते टिकत नाही. १०० ग्रॅम ताज्या जर्दाळूत ते १० मिलिग्रॅम असतं आणि तेवढ्याच वजनाच्या सुक्या जर्दाळूत जेमतेम १. म्हणून सुकी फळं ताज्या फळांची जागा घेत नाहीत. ताजी फळं चालू ठेवा आणि त्यांच्या जोडीला ही घ्या.

साखरेबद्दल लोक हमखास गोंधळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली (दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी) ती 'मुक्त' साखरेसाठी आहे, म्हणजे वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस. सबंध फळातली साखर त्यात धरत नाहीत, कारण ती पेशींच्या आत असते आणि चोथ्यासकट येते. पण या वाक्याचा अर्थ 'कितीही खा' असा घेऊ नका. वीस द्राक्षं खाल्ली की पोटाला काहीतरी खाल्ल्याचं कळतं. वीस मनुका तोंडात टाकल्या तर पोटाला पत्ताही लागत नाही. माझं वजन वाढलं ते इथेच.

## २. आपल्याला चालेल का, हे पाहून घ्या

बहुतेकांना सुकी फळं निर्धास्त खाता येतात. पुढच्यांपैकी कुणी असाल तर आधी थांबा.

मूत्रपिंडाचा विकार: ही सूचना सगळ्यांत महत्त्वाची आहे. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तातलं पोटॅशियम साचतं आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. सुकी फळं, विशेषतः जर्दाळू, पोटॅशियमने भरलेली असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुरू करू नका.

मधुमेह: पूर्ण बंदी असते असं नाही, पण माप आणि वेळ काटेकोर हवी. घरी साखर तपासायचं यंत्र असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी बघा. तुमच्या शरीराचं उत्तर तिथेच मिळेल.

वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेणारे: सुक्या आलुबुखाऱ्यात या गोळीच्या उलट काम करणारं के जीवनसत्त्व असतं, १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० मायक्रोग्रॅम. एखाददुसऱ्याने काही बिघडत नाही. आज एकदम दहा आणि उद्या एकही नाही, असा चढउतार मात्र नको.

दम्याचे रुग्ण: गंधकाची प्रक्रिया केलेल्या फळांमुळे काहींना दम लागतो. त्याबद्दल चौथ्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे.

लहान मुलं: अख्खी मनुका किंवा खारकेचा तुकडा घशात अडकू शकतो. बारीक चिरून किंवा भिजवून कुस्करून द्या, आणि मूल बसून खात असताना समोर थांबा.

घरात कुत्रा असेल तर मनुका आणि बेदाण्यांची बरणी त्याच्या तोंडापासून दूर ठेवा. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात, त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. माणसाला चालतं ते त्यालाही चालेल असं समजून लाडाने भरवू नका.

## ३. तुम्हाला कशासाठी हवं आहे, त्यावरून फळ निवडा

पोट साफ होण्यासाठी सुका आलुबुखारा. पुष्कळ ठिकाणी तो 'प्रून' या नावानेच मिळतो. बद्धकोष्ठावर उपाय म्हणून कित्येक फळांचं नाव घेतलं जातं, पण नीट तपासल्या गेलेल्या मोजक्या फळांपैकी हे एक. त्यात चोथ्याखेरीज सॉर्बिटॉल नावाची एक शर्करा असते. ती आतड्यात पूर्ण शोषली जात नाही, पाणी खेचून घेते आणि मळ मऊ होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज १०० ग्रॅम आलुबुखारे खाणाऱ्यांना इसबगोल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फरक पडला होता. युरोपीय संघाने 'आतड्याचं काम सुरळीत राहायला मदत होते' असं पाकिटावर लिहायला परवानगी दिली आहे, तीही रोज १०० ग्रॅम या प्रमाणासाठीच.

पण १०० ग्रॅम म्हणजे दहा-बारा आलुबुखारे, २४० कॅलरी. तिथून सुरुवात करू नका! ज्या सॉर्बिटॉलने पोट साफ होतं त्यानेच गॅस होतो, मुरडा येतो. मी पहिल्याच दिवशी आठ खाल्ले आणि रात्रभर पोट धरून बसले. तीनपासून सुरू करा. चार-पाच दिवस तेवढेच ठेवा, मग गरज वाटली तर एकेक वाढवा. मला पाच पुरतात. ज्यांचं आतडं मुळात नाजूक आहे, थोड्याशा कारणाने पोट बिघडतं, त्यांना हे फळ न मानवण्याची शक्यता बरीच असते.

चोथा वाढवायला अंजीर. दोन सुक्या अंजिरांत जवळपास ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम हवेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंजिरात कॅल्शियमही इतर सुक्या फळांपेक्षा जास्त असतं, १०० ग्रॅममागे १६० मिलिग्रॅमच्या आसपास. चोथा वाढवताना पाणीही वाढवा, नाहीतर पोट आणखी जड होतं.

पटकन ताकद हवी असेल तर खजूर. लांब चालायचं असेल, खेळायचं असेल, दोन जेवणांत मोठं अंतर पडणार असेल तर खजूर उत्तम. नुसतं खुर्चीत बसून काम असेल तर तीच ताकद पोटावर बसते. खारीक हे खजुराचंच जास्त वाळलेलं रूप आहे. चावायला वेळ लागतो, म्हणून ती आपोआप कमी खाल्ली जाते, हा तिचा गुण मला फार आवडतो.

रक्त वाढवायला मनुका? याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण या एका समजुतीवर विसंबून लोक उपचार लांबवतात. मनुकेत लोह आहे, पण ३० ग्रॅम मनुकेत ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. जर्दाळूच्या तेवढ्याच वजनात पाऊण मिलिग्रॅमच्या थोडं वर. पाळी येणाऱ्या स्त्रीला दिवसाला निदान १८ मिलिग्रॅम लागतं. शिवाय वनस्पतींमधलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. लिंबू, संत्रं असं आंबट फळ जोडीला घेतलं तर ते शोषायला मदत होते, आणि वरून लगेच चहा-कॉफी घेतली तर अडथळा होतो. तेव्हा मनुका जरूर खा, पण हिमोग्लोबिन कमी आलं असेल तर गोळ्या आणि तपासणी टाळू नका. माझ्या एका मैत्रिणीने सहा महिने फक्त भिजवलेल्या मनुकांवर काढले आणि शेवटी चक्कर येऊन पडली.

'मनुकांचं पाणी यकृत साफ करतं', 'खजुराने रक्त शुद्ध होतं' असली वाक्यं सोडून द्या. यकृत आपलं काम स्वतः करतं.

## ४. पाकीट उलटं करून वाचा

समोरच्या बाजूला सुंदर चित्र असतं, माहिती मागच्या बाजूला असते. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी बरंच कळतं.

यादीत एकच नाव असेल, 'खजूर' किंवा 'अंजीर', तर सगळ्यांत उत्तम. थोडं सूर्यफुलाचं तेल लिहिलेलं असेल तर ते फळं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावलेलं असतं, त्याची काळजी नको.

साखर वेगवेगळ्या नावांनी येते: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क. क्रॅनबेरी नेहमी तपासा. ताज्या क्रॅनबेरीत १०० ग्रॅममागे साखर जेमतेम ४ ग्रॅम असते आणि चवीला ती इतकी आंबट-तुरट असते की साखरेविना वाळवलेली फारशी कुणाला खाववत नाही. म्हणून बाजारातल्या बहुतेक सुक्या क्रॅनबेरीत साखर ७० ग्रॅमच्या घरात जाते. चकचकीत रंगाचे अननस-पपईचे तुकडे, टुटीफ्रुटी, पाकवलेलं आलं हे सगळं पाकात मुरवलेलं असतं. केळ्याचे कुरकुरीत काप बहुतेक वेळा तळलेले असतात. हे पदार्थ खाऊ नयेत असं नाही, फक्त त्यांना गोडाधोडात धरा, फळात नको.

आता गंधक. जर्दाळू नारिंगी, बेदाणा सोनेरी राहावा म्हणून फळांना सल्फर डायऑक्साइडची धुरी किंवा सल्फाइटचं द्रावण देतात. त्याने रंग टिकतो, बुरशी-कीड दूर राहते. यादीत 'सल्फर डायऑक्साइड', 'मेटाबायसल्फाइट' किंवा २२० ते २२८ यांपैकी क्रमांक दिसला तर तेच समजा. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. दमा असलेल्या काहींना मात्र खाल्ल्यावर छाती भरते, शिंका किंवा पुरळ येतं. अशांनी प्रक्रिया न केलेला जर्दाळू घ्यावा. तो गडद तपकिरी दिसतो, बघणाऱ्याला जुना वाटतो, पण चव खमंग, थोडी कॅरामेलसारखी असते. नवीन माणूस नेमका याच पाकिटाला नाक मुरडतो आणि झगझगीत नारिंगी उचलतो. रंगावर ताजेपणा ठरवू नका.

फळ दाबल्यावर थोडं लवचीक लागलं पाहिजे. दगडासारखं झालं असेल तर जुनं. पाकिटात ओल सुटली असेल, किंवा उघडल्यावर आंबूस, दारूसारखा वास आला तर ते आंबलं आहे.

## ५. खाण्याआधी धुवा आणि फोडून पाहा

धुवायचं ते खाण्याच्या वेळी, आणि तेवढ्यापुरतंच. घरी आणल्याबरोबर सगळा साठा धुऊन बरणीत भरणं ही पुष्कळांची सवय असते. त्या ओलाव्यावर आठवड्यात बुरशी धरते.

अंजीर आणि खजूर मात्र कधीही अख्खे तोंडात टाकू नका. मधोमध फोडा, उजेडात धरा. खजुराच्या आत किडा किंवा काळी भुकटी असू शकते, अंजिरात अळी किंवा काळसर बुरशी. अंजिरातल्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, यकृताला ते घातक असतं आणि शिजवूनही पुरतं जात नाही. त्यामुळे बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून उरलेलं खाऊ नका, फळ फेकून द्या.

पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नाही. अंजीर, खजूर, आलुबुखाऱ्यावर साखर वर येऊन पांढरा थर बसतो. बोटाने चोळलं तर तो रवाळ लागतो आणि कोमट पाण्यात विरघळतो. बुरशी मऊ, कापसासारखी असते, पाण्यात विरघळत नाही, कुबट वास देते. मी साखरेला बुरशी समजून अर्धा किलो चांगले अंजीर टाकून दिले होते. अजून हळहळ वाटते.

## ६. माप ठरवा, वेळ ठरवा

एका वेळचं माप ३० ग्रॅम. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत ८० ग्रॅम ताज्या फळाच्या बरोबरीने ३० ग्रॅम सुकं फळ धरतात, आणि मी तेच पाळते. काट्यावर मोजलंत तर लक्षात येईल की ते असं भरतं:

- मनुका किंवा बेदाणे: एक भरगच्च मोठा चमचा
- अंजीर: २
- आलुबुखारे: ३
- जर्दाळू: ३ ते ४
- खजूर: मोठा १, लहान ३ ते ४

पहिले पंधरा दिवस खरोखर वजन करा. नंतर डोळ्यांना सवय होते.

दुसरं, बरणीतून थेट खाऊ नका. वाटीत काढा, बरणीचं झाकण लावा, बरणी जागेवर ठेवा आणि मगच बसा. सगळ्या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कधी खावं? शक्यतो जेवणासोबत किंवा नाश्त्यासोबत. सुकं फळ दातांना चिकटतं, फटीत अडकतं आणि दिवसभर एकेक चघळत राहिलं तर दातांना सतत साखर लागत राहते. जेवणात लाळ भरपूर सुटते, इतर अन्न असतं, त्यामुळे चिकटलेलं धुऊन निघतं. मधल्या वेळी खायचंच असेल तर बदाम-अक्रोड किंवा दह्यासोबत खा, आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरा. कवचफळांतल्या तेला-प्रथिनांमुळे साखरही रक्तात जरा सावकाश चढते.

## ७. भिजवणं आणि रोजच्या वापरात आणणं

भिजवल्याने फळात नवीन काही येत नाही. ते मऊ होतं, चावायला सोपं जातं, आणि फुगल्यामुळे कमी खाऊनही समाधान होतं. वयस्कर माणसांना, दात दुखणाऱ्यांना भिजवलेलंच द्या. गरम पाण्यात २० मिनिटं पुरतात. रात्रभर ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, उकाड्यात बाहेर ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत आंबतं. भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, थोडी साखर आणि खनिजं त्यात उतरलेली असतात. भिजवलेली फळं फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

वापराच्या माझ्या नेहमीच्या जागा:

सकाळचे ओट्स किंवा दलिया. शिजताना चिरलेला जर्दाळू किंवा मनुका घातली की वेगळी साखर लागत नाही. शेवटी घालू नका, सुरुवातीला घाला, म्हणजे गोडवा सगळीकडे मुरतो.

दही. साध्या दह्यात दोन चिरलेले अंजीर घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. अंजीर दह्यातलं पाणी पितात, दही घट्ट होतं.

कच्च्या भाज्यांचं सॅलड. मनुका दहा मिनिटं लिंबाच्या रसात टाकून मग घाला. कोबी, गाजर, पालक यांच्यासोबत आंबटगोड फार छान लागतं, आणि लिंबामुळे पालक-मनुकांतलं लोहही जास्त उपयोगी पडतं.

खजुराचा लगदा. २०० ग्रॅम बिया काढलेला खजूर अर्धा कप गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून पाण्यासकट वाटा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. केक, बिस्किटं, दूध यांत साखरेऐवजी वापरता येतो. मात्र वाटल्यावर फळाच्या पेशी फुटतात आणि साखर मोकळी होते, म्हणून ब्रिटनमध्ये फळांच्या लगद्यातली साखर मुक्त साखरेतच मोजतात. 'साखरविरहित' असं स्वतःला सांगून चमच्याने खाऊ नका.

केकमध्ये आलुबुखाऱ्याचा लगदा. लोण्याचा काही भाग कमी करून तो घातला तरी केक ओलसर राहतो. गडद रंगाच्या चॉकलेट केकमध्ये तो कळतही नाही.

चिरताना सुरीला फळ चिकटतं. सुरी गरम पाण्यात बुडवून घ्या किंवा सरळ कात्री वापरा. केकच्या मिश्रणात तुकडे तळाशी बसत असतील तर आधी चमचाभर कोरड्या पिठात घोळवा.

## ८. साठवण

सुक्या फळाचे तीन शत्रू: ओल, उष्णता आणि कीड. घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. शेगडीच्या वरचं कपाट सगळ्यांत वाईट जागा. घरी वाळवलेली फळं १५ अंशांच्या आसपास वर्षभर टिकतात, २७ अंशांना त्याच्या निम्मं. म्हणून हवा उष्ण असेल तर पाकीट उघडल्यावर उरलेलं सरळ फ्रिजमध्ये टाका. आतला चमचा कोरडा हवा, आणि बरणीवर उघडल्याची तारीख लिहा.

किडीसाठी माझा उपाय: सुटी आणलेली फळं पिशवीत हवाबंद करून चार दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवते. त्याने अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला आली की मगच, नाहीतर हवेतली वाफ थंड फळांवर पाणी होऊन बसते. बरणीत बारीक जाळं दिसलं तर शेजारच्या धान्या-पिठाच्या डब्यांतही बघा, तोच पतंग सगळीकडे फिरतो.

## ९. घरी वाळवून पाहायचं असेल तर

इथपर्यंत सवय बसली असेल तर एकदा घरी नक्की करून बघा. साखर नाही, गंधक नाही, आणि पिकून मऊ पडलेल्या फळांची सोय होते. सफरचंद किंवा केळं यांपासून सुरुवात करा.

फळ पिकलेलं पण डाग नसलेलं घ्या. ३ ते ६ मिलिमीटरच्या एकसारख्या चकत्या करा, जाड-बारीक झाल्या तर काही करपतात, काही ओल्या राहतात. समभाग लिंबूरस आणि पाणी एकत्र करून चकत्या त्यात दहा मिनिटं बुडवा, मग निथळा. याने त्या काळ्या पडत नाहीत. द्राक्षं अख्खी वाळवायची तर त्यांच्या सालीवरचं मेण पाणी अडवतं, म्हणून उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका. साल बारीक तडकते आणि वाळायला वाट मिळते.

फळं वाळवायचा ड्रायर किंवा ओव्हन ६० अंशांवर ठेवा. जाडीनुसार सहा ते दहा तास, कधी जास्तही लागतात. घाईने तापमान वाढवलं तर वरची साल कडक होते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. अशी चकती हाताला सुकी लागते आणि बरणीत आठवड्याने कुजते. उन्हात वाळवायचं तर हवा ३० अंशांच्या वर आणि कोरडी हवी, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली. वरून जाळी टाका आणि रात्री आत घ्या, कारण रात्रीच्या दमट हवेने वाळलेलं पुन्हा ओलावतं.

झालं की नाही हे गार झाल्यावरच कळतं. चकती गार करून मधे मोडा. चामड्यासारखी वाकली, पिळल्यावर ओल दिसली नाही, दुमडल्यावर स्वतःला चिकटली नाही, की झाली.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. गार झालेल्या चकत्या काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि सात ते दहा दिवस रोज एकदा हलवा. काही तुकड्यांत ओल जास्त राहिलेली असते, ती या दिवसांत सगळीकडे सारखी पसरते. मधेच काचेवर आतून दव दिसलं तर सगळं परत ड्रायरमध्ये घाला. उन्हात वाळवलेली फळं असतील तर बरणीत भरण्याआधी ती फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवायला विसरू नका, उघड्यावर बसलेल्या माशी-पतंगांची अंडी त्यावर असू शकतात. दहा दिवस काच कोरडी राहिली की चिकटपट्टीवर फळाचं नाव आणि तारीख लिहा आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवून द्या.